काटा पाव दाखवत होता

मंडळाच्या संपादकांनी या वेळी सगळ्यांना बजावलं होतं, कविता भरपूर आल्या आहेत, आता कुणीतरी माहितीपर लेख द्या. मी तोंड उघडलं आणि अडकले. शेवटच्या वर्षाला साहित्य शिकणाऱ्या मुलीने कशावर लिहावं याच्या काही ठरलेल्या अपेक्षा असतात. त्या बाजूला ठेवून मी डिझेलवर लिहिते आहे. जुन्या शिडाच्या बोटीत डिझेल किती उरलं आहे हे कसं ओळखायचं, एवढाच विषय. ऐकायला छोटा वाटतो. मागच्या फेब्रुवारीपर्यंत मलाही वाटत होता.

आमचं मूळ घर वसईचं. पपांच्या नोकरीमुळे आम्ही गोव्यात आलो आणि त्यांच्या पाठोपाठ काका आले. काकांनी निवृत्त झाल्यावर जमीन किंवा गाडी घेतली नाही, एक अठ्ठावीस फुटी शिडाची बोट घेतली. बोट १९७९ सालची, फायबरग्लासची, माझ्यापेक्षा वयाने दुपटीहून मोठी. काकी तिला ‘सवत’ म्हणतात. शिडाची बोट म्हटली की डिझेल कशाला, असं मैत्रिणी विचारतात. तर कारण असं की शिडाच्या बोटीलाही जेटीला लागताना, नदीच्या मुखातून आत येताना आणि वारा पडल्यावर इंजिन लागतं. आपल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या बोटीलाही इंजिन होतंच. काकांच्या बोटीत दोन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन आहे आणि पायऱ्यांच्या मागे, पार तळाशी, साठ लिटरची स्टीलची टाकी.

त्या रविवारी आम्ही पहिली मिस्सा आटोपून निघालो. काका, माझा चुलत भाऊ आणि मी. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात वाऱ्याचं वेळापत्रक असतं: सकाळी जमिनीवरून मतलई वारा, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा. सकाळी मतलईने बाहेर जायचं आणि दुपारी खाऱ्याने घरी यायचं, हा साधा हिशेब. आम्ही कांदोळीच्या बाजूला नांगर टाकून जेवलो, गप्पा मारत बसलो आणि उशीर केला. सूर्य टेकला तसा वारा गेला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. काकांनी इंजिन चालू केलं, काट्याकडे बघितलं. काटा पाव टाकी दाखवत होता. साठचे पाव म्हणजे पंधरा लिटर, म्हणजे आठेक तास. घर तासाभरावर. कुणालाही काळजी वाटायचं कारण नव्हतं.

आग्वादच्या तोंडाशी, जिथे मांडवीची ओहोटी बाहेर येते आणि समुद्राची लाट तिच्यावर चढते, तिथे बोट हेलकावे खायला लागली आणि इंजिनचा आवाज बदलला. एकदा खोकलं, वर गेलं, परत खोकलं आणि बंद. काटा अजून तिथेच होता, हेलकाव्याबरोबर थोडा मागेपुढे होत, पण पावाच्याच आसपास. ओहोटी आम्हाला हळूहळू बाहेर ओढत होती. काकांनी नांगर सोडला आणि तो धरला, हे आमचं नशीब. अंधार पडत होता. नदीतून एक बार्ज बाहेर येत होती. तिने भोंगा दिला आणि आमच्यापासून जेवढ्या अंतरावरून गेली ते अंतर मी आईला आजवर सांगितलेलं नाही.

लॉकरमध्ये एका कॅनमध्ये पाचेक लिटर डिझेल होतं. ते टाकीत ओतलं. पण डिझेल इंजिनचं असं असतं की टाकी भरली म्हणून ते लगेच चालू होत नाही. पेट्रोलच्या स्कूटरमध्ये पेट्रोल टाकून किक मारली की काम होतं. डिझेलच्या नळीत एकदा हवा शिरली की ती काढावी लागते, कारण पंप हवेला दाबू शकतो पण हवेचा फवारा इंजेक्टरमधून उडत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, छोट्या हातपंपाची कांडी अंगठ्याने हलवत राहायची, आधी बुडबुडे येतात, मग फेस, मग स्वच्छ डिझेल. मग स्क्रू घट्ट. तेवढ्याने नाही झालं तर इंजेक्टरच्या नळ्यांचे नट सैल करून तेच. हे सगळं हेलकावणाऱ्या बोटीत, गुडघ्यावर बसून, डिझेलच्या वासात. मी टॉर्च धरला होता. चाळीस मिनिटं लागली. मी मनात रोझरी म्हणत होते आणि तिसऱ्या रहस्यापर्यंत पोहोचून परत पहिल्यावर येत होते.

दुसऱ्या दिवशी पपांनी भावाला आणि मला कामाला लावलं: टाकीत डिझेल होतं की नव्हतं? आणि काटा बिघडला होता का? उत्तर मिळालं तेव्हा मला खरंच धक्का बसला. काटा बिघडलेला नव्हता. तो बरोबर सांगत होता. आम्ही चुकीचं वाचत होतो.

आता मुद्द्याचं. टाकीतला काटा डिझेल किती लिटर आहे हे कधीच मोजत नाही. तो उंची मोजतो. टाकी चौकोनी डब्यासारखी असेल तर उंची आणि लिटर बरोबरीने चालतात, अर्धी उंची म्हणजे अर्धी टाकी. पण शिडाच्या बोटीचा तळ खाली निमुळता असतो आणि जुन्या बोटी बांधणाऱ्यांनी टाकी त्या निमुळत्या जागेत बसवलेली असते. आमची टाकी म्हणजे अर्धं उघडलेलं पुस्तक, कणा खाली करून धरलेलं. वर रुंद, खाली चिंचोळी. अशा टाकीत अर्ध्या उंचीपर्यंत डिझेल असलं तर ते निम्मं नसतं, फक्त पाव असतं. आणि पाव उंचीपर्यंत असलं तर ते सोळावा हिस्सा. साठचा सोळावा हिस्सा म्हणजे पावणेचार लिटर. आम्ही पंधरा धरून चाललो होतो.

पावणेचार लिटर तरी होतं ना, मग इंजिन का बंद पडलं? कारण डिझेल ओढणारी नळी तळाला टेकलेली नसते, थोडी वर असते, म्हणजे तळाचा गाळ आणि पाणी ओढलं जाऊ नये. आमची तीन सेंटिमीटर वर आहे. शांत पाण्यात नऊ सेंटिमीटर डिझेलमध्ये ती बुडालेली राहिली असती. पण बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जायला लागली की ते थोडंसं डिझेल एका भिंतीवर चढतं, मग दुसऱ्या, आणि मधल्या क्षणी नळीचं तोंड हवेत उघडं पडतं. एक घोट हवा पुरेशी होते. म्हणजे डिझेल नेमकं तेव्हाच दगा देतं जेव्हा पाणी खवळलेलं असतं आणि इंजिनची सगळ्यात जास्त गरज असते. हा योगायोग नाही, टाकीची रचनाच तशी आहे.

मग भरवशाचं माप कुठलं? काठी. तुम्ही सकाळी लवकर पेट्रोल पंपावर गेला असाल तर बघितलं असेल, तिथला माणूस जमिनीतलं झाकण उघडून एक लांब धातूची काठी आत सोडतो, वर काढून ओली खूण वाचतो आणि मग ऑफिसात जाऊन एका तक्त्यात बघतो. त्याची टाकी आडव्या नळकांड्यासारखी असते, म्हणून त्यालाही सेंटिमीटरवरून सरळ लिटर काढता येत नाहीत, तक्ता लागतो. एवढे कॅमेरे आणि स्क्रीन लागले तरी काठी आहेच. आम्हीही तेच केलं, फक्त तक्ता स्वतः बनवला.

त्याला एक पूर्ण दिवस लागला. आधी हातपंपाने टाकी रिकामी केली, तळ पुसून घेतला. बोट जेटीला सरळ उभी केली. सरळ म्हणजे खरंच सरळ. भाऊ एका बाजूला बसून वडापाव खात होता, त्याला उठवून मधोमध बसवलं, कारण एका माणसाच्या वजनानेसुद्धा छोटी बोट कलते. मग पाच लिटरच्या मापाने डिझेल ओतायचं, दोन मिनिटं थांबायचं, काठी घालायची, ओल्या खुणेवर चाकूने खाच. परत पाच लिटर. पहिल्या पाच लिटरला डिझेल दहा सेंटिमीटर चढलं. दुसऱ्या पाचाला चार. पुढे पुढे अंतर कमी होत गेलं आणि शेवटच्या पाच लिटरला जेमतेम दीड सेंटिमीटर. टाकीची पूर्ण उंची छत्तीस. अठरावर, म्हणजे बरोबर मध्यावर, आमच्या मापाने पंधरा लिटर झालेले होते. काठीवरच्या खाचा खाली विरळ आणि वर दाट आहेत. ती काठी नुसती हातात घेतली तरी टाकीचा आकार कळतो.

काठीबद्दल दोन-चार गोष्टी, ज्या आम्हाला चुका करून कळल्या. काठी वार्निश केलेली नको, डिझेल तिच्यावर ओघळतं आणि खूण पुसट होते. आमची सागवानाची पट्टी आहे, सँडपेपर मारलेली. डिझेल पाण्यासारखं फिकट असतं, नीट दिसत नाही, म्हणून काठीला आधी खडू चोळायचा, ओला खडू गडद दिसतो. वर काढल्याबरोबर वाचायचं, कारण खूण लाकडात वर झिरपत जाते. वरच्या टोकाला आडवी खुंटी ठोकायची, म्हणजे काठी दर वेळी तेवढीच आत जाते आणि तळावर आपटत नाही. चाळीस वर्षांच्या स्टीलच्या टाकीचा तळ गंजून पातळ झालेला असू शकतो, त्यावर रोज ठोसा नको. आणि बऱ्याच बोटींत डिझेल भरायच्या पाइपला वळण असतं, त्यातून काठी जातच नाही. तेव्हा टाकीच्या डोक्यावरचं तपासणीचं झाकण उघडून तिथून घालावी लागते. बोट शिडावर कललेली असताना काठी घालून उपयोग नाही. नांगरावर किंवा जेटीला, निघण्यापूर्वी.

काही जुन्या बोटींवर टाकीच्या बाजूला उभी पारदर्शक नळी असते, तिच्यात डिझेल टाकीइतक्याच उंचीवर उभं राहतं. मला ही पद्धत सगळ्यात आवडते कारण त्यात काहीच लपलेलं नाही. पण नळीच्या खाली आणि वर चावी पाहिजेच आणि वाचून झाल्यावर ती बंद पाहिजे. नळी पिवळी पडते, कडक होते आणि तडकली तर सगळी टाकी बोटीच्या तळात रिकामी होते. शिवाय ती नळीसुद्धा उंचीच दाखवते. तक्त्यातून सुटका नाही.

आता विजेच्या काट्याकडे परत येते, कारण तो सगळ्यांकडे असतो आणि बघायला सोपा असतो. टाकीत एक तरंगता गोळा असतो, त्याला दांडी, दांडी वरखाली झाली की एका तारेच्या वेटोळ्यावर टोक सरकतं आणि विजेला होणारा विरोध बदलतो. समोरच्या पॅनेलवरचा काटा तो विरोध वाचतो. पण हे विरोधाचे आकडे जगात सगळीकडे सारखे नाहीत. अमेरिकन पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३. युरोपियन पद्धतीत रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८०. म्हणजे अगदी उलट. जुन्या बोटीत कुणीतरी कधीतरी एक भाग बदललेला असतो, दुसरा नाही. अमेरिकन काटा आणि युरोपियन गोळा असं लग्न लागलं तर टाकी रिकामी होत जाते आणि काटा ‘फुल’कडे चढत जातो. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “काही माणसंही अशीच असतात गो.” मी पुढे काही विचारलं नाही.

काटा हलतच नसेल तर टाकी उघडण्याआधी एक साधी परीक्षा घेता येते. गोळ्याकडून येणारी वायर सोडवायची आणि काटा बघायचा. मग तीच वायर बोटीच्या अर्थिंगला टेकवायची आणि परत बघायचा. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला तर पॅनेलवरचा भाग आणि वायर ठीक आहे, दोष टाकीतल्या गोळ्यात आहे: दांडी अडकली असेल, गोळ्यात डिझेल शिरून तो बुडला असेल. काटा ढिम्म राहिला तर दोष वरच्या बाजूला. खाऱ्या हवेत सगळ्यात आधी अर्थिंगचा जोड हिरवा पडतो, म्हणून पहिल्यांदा तो घासून साफ करून बघायचा. निम्म्या वेळा काम तिथेच संपतं. हे फक्त डिझेलच्या टाकीबद्दल सांगते आहे. पेट्रोलच्या टाकीजवळ सुट्या वायरचा खेळ करायचा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळात साचून बसते आणि एक ठिणगी तिला पुरते.

काठीच्या जोडीला काकांनी एक वही केली आहे. ही कल्पना पपांची, ते हिशेबाच्या खात्यात होते. टाकी काठोकाठ भरली, दहा तास नेहमीच्या वेगाने इंजिन चालवलं आणि परत काठोकाठ भरली. सतरा लिटर लागले. म्हणजे तासाला १.७ लिटर. आता दर फेरीनंतर वहीत इंजिनचे तास लिहायचे आणि गुणाकार करायचा. तळाचे पाच लिटर आम्ही नाहीतच असं धरतो, उरले पंचावन्न, साधारण बत्तीस तास. पण हा आकडा पक्का नाही. वेग थोडा वाढवला की खप खूप वाढतो, तळाला शिंपल्यांचा थर आला की वाढतो, समोरून वारा असला की वाढतो. म्हणून वही आणि काठी दोघांनाही विचारायचं. दोघांचं जमलं तर निघायचं. दोघांत पाच लिटरचा फरक आला तर कुठेतरी गळती आहे किंवा कुणीतरी तास लिहायला विसरलंय. (आमच्याकडे नेहमी दुसरं. भाऊ.) आणि निघताना खलाशांचा जुना तिसऱ्या हिश्शाचा नियम: एक हिस्सा जायला, एक यायला, एक न शिवायचा.

एवढं करूनही एक गोष्ट राहते. टाकीत भरपूर डिझेल असूनही इंजिन उपाशी मरू शकतं. टाकीला श्वास घ्यायला बारीक नळी असते, तिचं तोंड बोटीच्या बाहेर असतं. डिझेल जातं तशी तिथून हवा आत येते. कुंभारीण माशीला अशी भोकं फार आवडतात, ती चिखलाने तोंड लिंपून टाकते. मग टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढवत नाही. अशा वेळी भरायचं झाकण उघडलं की सूं असा आवाज येतो आणि इंजिन परत नीट चालतं. आम्ही आता त्या तोंडाला बारीक जाळी लावली आहे.

आणि पाणी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे या बोटी बांधून ठेवलेल्या असतात. अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवा असते, रात्री ती गार होते आणि भिंतींवर पाणी धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, काळी बुळबुळीत साय तयार होते. हेलकावे बसले की ती ढवळून फिल्टरमध्ये अडकते. काठी या पाण्यालाही डिझेलच समजते, म्हणून तिच्या टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावतात. पेट्रोल पंपावरही हीच वापरतात. पाणी लागलं तेवढाच भाग लाल होतो. यावर उपाय असा की पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरून ठेवायची, म्हणजे आत दमट हवेला जागाच राहत नाही.

या वर्षी आम्ही मे महिन्यात भरायची ठरवली होती. माझी परीक्षा, भावाची मुलाखत आणि काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन यात ते राहून गेलं. परवा सुट्टीत जाऊन मी पेस्ट लावून काठी घातली. खालचे दोन सेंटिमीटर लाल निघाले. काकांना फोन केला तर म्हणाले, जुने डबे धुऊन ठेव, शनिवारी येतो आणि टाकी रिकामी करू. वहीत मी तारीख घालून लिहिलं आहे: पाणी, २ सेंटिमीटर.